तिसरा कौल

कौल लावायला देवाच्या पाषाणमूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर धाकू गुरवाने चाफ्याच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हॉटेलसाठी देवराई तोडायला देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पाठीमागे अख्खा गाव उभा होता. करवती घेतलेले गडीही.

डावी पडली.

“परत लाव रे गुरवा,” सरपंच म्हणाले. “नीट इचारलंस नाय तू.”

पुन्हा डावी.

“झाडां गेली तर झरो आटतलो!” एक म्हातारी ओरडली. “मगे पितलास काय?”

“टँकर येतलो गो काकी!” कुणीतरी म्हणालं. गाव हसला.

सरपंच धाकूच्या कानाशी वाकले. “आता डावी गंधान चिकटव.”

चाळीस वर्षांत धाकूने पाण्याखेरीज काही वापरलं नव्हतं. त्याने मागे वळून पाहिलं. सरपंचांचं बोलणं पुढच्या रांगेने ऐकलं होतं. एकही जण नाही म्हणेना. म्हातारीनेसुद्धा मान खाली घातली. धाकूने अंगठा गंधात बुडवला.

उजवी पडली. गावाने जयजयकार केला.

तिसऱ्या उन्हाळ्यात झरा आटला. टँकर आठवड्याने यायचा, मग येईनासा झाला. हॉटेल अर्धवट टाकून मालक निघून गेला. एकेका घराला कुलूप लागलं.

सगळ्यांत शेवटी निघालेला धाकू देवापाशी आला. चाफ्याच्या तोडलेल्या बुंध्याला कमरेएवढे धुमारे फुटले होते, त्यांवर फुलंही आली होती. गाव परत वसेल का, हे विचारायला त्याने दोन पाकळ्या खुडल्या.

त्या भिजवायला कलशात थेंबभर पाणी नव्हतं.