क्षमावाणीची सकाळ

आजोबांनी टोपी नीट केली, पुढे आले आणि अकरा वर्षांच्या पायलसमोर हात जोडून वाकले. "कळत-नकळत आमच्याकडनं काही चुकलं असंल, तर क्षमा कर, बाळ."

पायलने मान हलवली. शेजारी धाकटी बहीण राजी उभी होती, तिचा हात तिने जरा घट्ट धरला.

आजोबांच्या मागे प्रभावतीआजी, मग थोरले काका, त्यांच्या मागे काकू, मग आत्या, मग काकांची पोरं. पर्युषणाचे उपवास संपले, की क्षमावाणीच्या दिवशी सांगलीच्या या जैन घरात लहानथोर सगळे एकमेकांपुढे हात जोडतात. सासू सुनेपुढे, बाप लेकापुढे. वर्षभर एकमेकींशी धड न बोलणाऱ्या जावाही त्या सकाळी गळ्यात गळा घालतात. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधल्या जागेवरून पुन्हा सुरू होतात. हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. पाळण्यातलं पोर बघत बघतच शिकतं.

पायल आणि राजी या घरात पाळण्यातून आल्या नव्हत्या. आजोबांचा धाकटा लेक भरतेश आणि त्याची बायको दीपाली यांनी त्यांना साताऱ्याच्या संस्थेतून दत्तक आणलं, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांना आधी सांगायला हवं, हे इतक्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

भरतेशमागून शेवटी दीपालीची पाळी आली. शब्द लहानपणापासून पाठ होते, पण या पोरींपुढे ते अर्ध्यावरच राहिले. "माझं काही चुकलं असेल तर..." डोळ्यांना पाणी आलं.

पायलने तिच्याकडे बघितलं. "असू दे," ती म्हणाली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती आपणहून काही बोलली होती. दीपालीला केवढं बरं वाटलं.

नाष्ट्याची पंगत बसली, तर दोघी दिसेनात. दीपाली आतल्या खोलीत गेली. पायलने बॅग भरली होती. संस्थेतून आणलेले कपडे तेवढे आत होते. इथे घेतलेले नवे फ्रॉक घडी करून पलंगावर ठेवले होते, चादरसुद्धा ताणून घातली होती. राजीच्या पायांत चपला होत्या आणि पायल तिची वेणी घालत होती. दोघींपैकी कुणी रडत नव्हतं. शाळेची तयारी चालावी तसं चाललं होतं.

"हे काय गं?"

"गाडी येईल न्हवं."

दीपालीला कळेना. मग वेणीवरचा हात न थांबवता पायलने तुटक तुटक सांगितलं. याआधी त्यांना शिरवळच्या एका घरात दिलं होतं. तिथल्या मम्मी-पप्पांनी एक दिवस दोघींना असंच समोर उभं केलं, हात जोडले, माफ करा म्हणाले. मम्मी रडलीपण. मग संस्थेची गाडी आली.

"तितं दोगंच हुती," पायल म्हणाली. "हितं तर समद्यांनी हात जोडलं."

दीपाली तिच्यापुढे खाली बसली. अगं, हे सगळेच सगळ्यांना म्हणतात, दरवर्षी म्हणतात, मी आजींना म्हटलं, आजी मला म्हणाल्या, असं ती भराभर सांगू लागली. तोवर दारात माणसं जमली. थोरल्या काकांनी पार शास्त्रापासून सुरुवात केली. आजोबांनी तर खात्री पटावी म्हणून काकूंपुढे पुन्हा हात जोडून दाखवले. काकू लाजून चूर झाल्या. आज कुणीही न्यायला येणार नाही, असं दीपालीने पोरीला पुन्हा पुन्हा सांगितलं.

पायलने सगळ्यांचं ऐकून घेतलं. वेणीला रिबन बांधली.

"मग कवा?" तिने विचारलं. एसटीची वेळ विचारावी तसं विचारलं. त्यात रुसवा नव्हता, भीतीही नव्हती.

त्यापुढे काकांचं शास्त्रही संपलं.

तेवढ्यात सगळ्यांना बाजूला सारत प्रभावतीआजी आत आल्या. उपवासांनी वाळल्या होत्या. त्यांनी बॅग बघितली, घडी केलेले फ्रॉक बघितले. या दिवशी या घरात आवाज चढवत नाहीत. क्षमा मागून तास झाला नाही तोवर रागावणं, म्हणजे केल्या उपवासांवर पाणी सोडणं.

"परवा हिनं दुधाचं पातेलं सांडलं, तवा कुणी ब्र काढला का?" आजी दाराकडे बघून म्हणाल्या. "घरच्या पोरानं पेला सांडला, त्याला धपाटा. ह्यांना पावण्यासारखं असू दे, असू दे. मग पावणी पिशवी भरनार न्हाईत तर काय करतील?"

मग त्या पायलकडे वळल्या. "मघाशी मी तुझी क्षमा मागितली न्हवं? ती मी परत घेतली."

"आई, अहो, आजचा दिवस..." दीपाली म्हणाली.

आजींनी तिकडे लक्षही दिलं नाही. त्यांचा आवाज पार रस्त्यावर ऐकू जाईल इतका चढला. "घरात हिच्या पायात चपला? पंगत बसलीया आनि तुमी दोगी हितं? कुनाला इचारून निघाला गं? काढ तिच्या चपला आदी."

पायल हलली नाही. बराच वेळ ती आजींच्या रागावलेल्या तोंडाकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि राजीच्या एका पायातली चप्पल काढली. दुसऱ्या पायाला हात लावण्याआधी तिने मान वर करून पुन्हा बघितलं.

"काढ म्हनलं न्हवं," आजी ओरडल्या.