काळी पट्टी

वहिनीने तो फोटो संगणकाच्या पडद्यावर पुन्हा मोठा केला. बक्षीस देणारे डॉक्टरसाहेब लख्ख दिसत होते. बक्षीस घेणारी नर्स मात्र काळ्या पट्टीत बुडाली होती. नुसतं कोपर तेवढं बाहेर.

स्टुडिओ नवराबायकोचा. तो फोटो काढायचा, ती संगणकावर बसून ते नीटनेटके करायची. गिऱ्हाइकं त्याला दादा म्हणत, म्हणून ती सगळ्यांची वहिनी.

रुग्णालयाच्या कार्यक्रमाला जाताना दादाने नवा फ्लॅश कपाटात ठेवला होता आणि वडिलांचा जुना फ्लॅश, जुनी लेन्स काढून नेली होती. ही अडगळ कशाला, असं वहिनीने विचारलंही होतं. हात फिरत राहिलेला बरा, असं काहीतरी तो पुटपुटला, पण तिच्याकडे न बघता. वहिनी असल्या गोष्टी विसरत नसे.

पट्टी कशाने येते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवा फ्लॅश कॅमेऱ्याशी बोलतो, शटरला मर्यादेबाहेर पळू देत नाही. जुना बिचारा मुका. शटरचा वेग वाढवला, की त्याचा उजेड फोटोच्या एका कडेला पोचतच नाही. कॅमेरा उभा धरला तर काळी पट्टीही उभी येते, आणि तो ज्या बाजूला वळवावा तशी डावी-उजवी होते. नवशिक्याची चूक ही, आणि दादाचे केस या धंद्यात पांढरे झालेले.

बरं, चूकच म्हणावी, तर बाकी सगळ्यांचे फोटो झकास. नर्स डावीकडे तर पट्टी डावीकडे, नर्स उजवीकडे तर पट्टीही उजवीकडे. वहिनीने फोटोंची माहिती उघडून पाहिली. लेन्स जुनी असल्यामुळे तिची नोंद नव्हती, पण शटरचा वेग कॅमेऱ्याने इमानेइतबारे लिहून ठेवला होता. नर्सच्या फोटोंपुरता तो वाढवलेला, पुढच्या फोटोला पुन्हा खाली आणलेला. लेन्स मुकी, फ्लॅश मुका, पण कॅमेरा चहाडखोर निघाला.

म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. मागच्या आठवड्यात स्टुडिओच्या पायरीवर एक बाई तोंड फिरवून रडत होती आणि दादा तिच्याशी हळू आवाजात बोलत होता. वहिनीची चाहूल लागताच ती निघून गेली. पत्ता विचारत होती, असं दादाने सांगितलं. पत्ता विचारताना कोणी रडतं का? संसार उभा करण्यात वहिनीची उमर गेली होती, आणि आता ही कोण बया उपटली?

दादा सकाळीच बाहेरच्या कामावर गेला होता. जाताना बजावून गेला होता, की ते पट्टीवाले फोटो बिघडलेत, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. वहिनी गेलीच. अंधारा भाग तिने हळूहळू उजळत नेला. दाणेदार का होईना, चेहरा वर आला. तरुण होती, देखणी होती.

तेवढ्यात काचेचं दार लोटून एक माणूस आत आला. किडकिडीत, मवाळ बोलणारा. जुन्या जखमेने एक भुवई मधोमध चिरलेली. त्याने पाकिटातून लग्नातला एक फोटो काढला. नवरी तेवढी दिसत होती, बाजूचा भाग मागे दुमडलेला.

"ताई, ही माझी धाकटी बहीण," तो म्हणाला. "रुसून घर सोडलंय तिने. आईने अंथरूण धरलंय, नुसतं तिचं नाव घेते. इकडेच कुठेतरी नर्स आहे म्हणतात. नोकरीसाठी फोटो काढलाच असेल, म्हणून एकेक स्टुडिओ पालथा घालतोय."

वहिनीने नवरीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तोच चेहरा. तिला एकदम हलकं वाटलं. भाऊ बहिणीला घेऊन जाईल, म्हणजे परस्पर पीडा टळेल, आणि वर एका आईचे आशीर्वाद. तिने पडदा त्याच्याकडे वळवला. तो कितीतरी वेळ बघत राहिला. वहिनीने फोटो छापून दिला, रुग्णालय कुठे आहे तेही समजावून सांगितलं. त्याचे डोळे भरून आले. लग्नातला फोटो त्याने मोठा करायला ठेवला. दुमडलेला भाग ओलीने गेलाय, तो सोडून द्या, म्हणाला. घ्यायला कधी येणार, ते काही बोलला नाही.

दादा दुपारी परतला, तेव्हा छापलेली दुसरी प्रत टेबलावरच होती.

"ही कोण?" वहिनीने विचारलं.

दादाने प्रत उचलून पाहिली. "पट्टी का काढलीस?"

"मी काय विचारतेय?"

मग त्याने सांगितलं. पायरीवर रडत होती ती हीच. नवऱ्याने मारून अर्धमेली केली, तेव्हा पळून आली, नाव बदलून राहिली. नवरा शोधत फिरतोय. बक्षीस नाकारलं तर दहा जण कारण विचारणार, आणि फोटो तर घरोघरच्या मोबाइलवर जाणार. तोंड दिसू देऊ नका, एवढंच ती मागत होती. कोणालाच सांगणार नाही, असा शब्द दादाने दिला होता. बायकोलाही नाही.

वहिनीला स्वतःचीच लाज वाटली, आणि हसूही आलं. काय काय मनात आणलं होतं तिने!

"एवढंच ना? मग उलट बरंच झालं," ती म्हणाली. "सकाळी तिचा भाऊ येऊन गेला. आता तो बघून घेईल त्या नवऱ्याकडे." तिने खणातून लग्नाचा फोटो काढून त्याच्यापुढे ठेवला.

दादाने घडी उलगडली. ओलीचा कुठे डागही नव्हता. नवरीच्या खांद्यावर हात टाकून, चिरलेल्या भुवईचा नवरदेव हसत उभा होता.