खालपर्यंत वाजणारी बेल

"माझा तारेचा जोड कच्चा राहिला," कुमुदने सगळ्यांसमोर सांगितलं आणि बेलची डबी आणि तिचं बटण टेबलावर ठेवलं. "त्यामुळे माझा माणूस तीन तास ओल्या अंथरुणात पडून राहिला. जानेवारीत."

मयूर विहारमधल्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी अकरा वाजता दहा-बारा माणसं जमत. घरातली उपकरणं उघडायची, आपल्या गरजेप्रमाणे त्यांत फेरफार करायचे आणि ते कसे केले हे बाकीच्यांना दाखवायचं, एवढाच उद्योग. नियम दोनच. ज्याची वस्तू त्यानेच उघडायची. आणि चूक झाली तर लपवायची नाही, सगळ्यांदेखत सांगायची. पहिला नियम कुमुदला सुरुवातीला जड गेला होता. दुसरा आज जात होता.

साठी उलटेपर्यंत तिने घरातला फ्यूजसुद्धा बदलला नव्हता. अडीच वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, उल्हासना, पक्षाघात झाला आणि तिचं जग हॉलच्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आक्रसलं. उल्हासना एकेक शब्द ओढून काढावा लागे. हाक मारणं तर संपलंच होतं. डावा हात तेवढा थोडा हलायचा, पण बाजारातल्या बिनतारी बेलचं बटण त्या बोटांना दबेना. म्हणून ती बेल घेऊन कुमुद हॉलमध्ये आली.

महिनाभर ती तुकड्यातुकड्यांनी शिकली. दर पंधरा मिनिटांनी वर जाऊन त्यांना बघून यायची. तोवर हा गट चालवणारा पुण्याचा इंजिनियर साकेत प्रात्यक्षिक थांबवून ठेवायचा. त्यावर कुणी कधी कुरकुर केली नाही, आणि दिल्लीसारख्या घाईच्या शहरात हे काही थोडं नाही. दोन बोटं पोळून घेऊन शेवटी कुमुदने बेलचं छोटं बटण काढलं आणि त्या जागी तळहाताएवढं मोठं बटण स्वतः सोल्डर केलं. उल्हासनी नुसता हात टेकला तरी बेल वाजायची. पाणी हवं, कूस बदलायची, दिवा बंद कर. दिवसातून दहा वेळा वाजायची. आता वाजणारी डबी पर्समध्ये टाकून खाली जाता येणार होतं.

मागच्या रविवारी ती तशी गेली. डबी समोर ठेवून बसली. एकदाही वाजली नाही, म्हणून बसून राहिली. कुणीतरी टेबल लॅम्प मंद कसा करायचा ते दाखवलं, ते तिने वहीत उतरवून घेतलं. चहा घेतला. कशावर तरी मोठ्याने हसली आणि आपलाच आवाज ऐकून दचकली. अडीच वर्षांत ती इतका वेळ कुठे बसलीच नव्हती. दोन वाजता वर गेली, तर चादर ओली, पांघरूण खाली पडलेलं आणि उल्हासचे पाय बर्फ.

"बटण दाबलंत ना हो?" तिने विचारलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. ते 'हो' होतं, जोडच मधूनमधून सुटत असणार, असं तिने धरलं आणि आठवडाभर स्वतःला बोल लावत राहिली.

"आता मी काही येणार नाही," ती साकेतला म्हणाली. "माझ्या हातचं काम नाही हे. माणूस आहे वर, खेळ नाही."

"काकू, रुको. आधी चेक तर करू या."

नियमाप्रमाणे तिनेच बटण उघडलं. साकेतने चिमट्याने वायर ओढून पाहिली. हलली नाही. मग बटणाचं झाकण लावून, तिच्याकडून किल्ली घेऊन तो वर गेला. सगळी दारं लावून उल्हासच्या पलंगापाशी उभा राहिला आणि एकेकदा दाबत गेला. खाली माणसं मोजत होती. वीस वेळा दाबलं, वीस वेळा वाजलं.

"एक भी मिस नहीं, आंटीजी," कुणीतरी म्हणालं.

साकेत बटण उल्हासजवळच ठेवून खाली आला. "काकू, जोड बिल्कुल पक्का आहे. इतका चांगला जोड मलाही जमत नाही."

कुमुदला आनंद व्हायला हवा होता. पण जोड पक्का होता, तर मग एकच गोष्ट उरत होती. ती उठली आणि जिना चढून घरी आली.

उल्हास जागे होते. बटण त्यांच्या हाताखालीच होतं.

"तुम्ही दाबलंच नव्हतंत," ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रागही. "तीन तास थंडीत पडून राहिलात. नुसता हात टेकायचा होता. का नाही दाबलंत?"

त्यांचे ओठ बराच वेळ हलत राहिले. ती पलंगाशी वाकली. एकेक शब्द जुळवत ते म्हणाले,

"दाबलं असतं... तर तू... उठून... आली असतीस."