रविवारची खुर्ची

बेसबॉल संघाचा व्यवस्थापक असलेल्या कर्टने आपला हुकमी फलंदाज एफ्राइन दुसऱ्या संघाला देऊन टाकला आणि बदल्यात तीन कोवळी पोरं घेतली. सगळं शहर चिडलं, पण सर्वांत जास्त चिडले ते त्याचे वडील ऑटो. ते तर एफ्राइनची जर्सी घालूनच झोपत.

"बाबा, तो पस्तिशीला आला, गुडघे कुरकुरतात. भाव आहे तोवर द्यायचा असतो," कर्टने फोनवर समजावलं. "ही पोरं पाच वर्षांत सोनं होतील. यात माया आणायची नसते."

"पटलं रे," म्हातारा चक्क म्हणाला.

कर्टचा जीव भांड्यात पडला. रविवारी नेहमीसारखा तो आईच्या हातचं भाजलेलं मांस खायला घरी गेला. टेबलापाशी शेजारच्या होल्टमनची तीन पोरं बसली होती. धाकटं तर कर्टच्याच खुर्चीत बसून त्याच्या आवडीचा कडेचा खरपूस तुकडा चावत होतं.

"आई, हे काय?"

आईने ऑटोंकडे बोट दाखवलं. ऑटो पोरांना वाढत होते. त्यांनी मान वर न करताच सांगितलं,



"तू पन्नाशीला आलास, गुडघे तुझेही कुरकुरतात. तुझं ताट आता होल्टमनकडे. लवकर जा, त्यांच्याकडे आज उकडलेला कोबी आहे."