सदतीस टक्के

दीपमालाने कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटमधलं सगळं मोजलं: दोन रॅम, एक हार्डडिस्क, एक पंखा. काहीच कमी नव्हतं, तरी विंडोजचं इन्स्टॉलेशन तिसऱ्यांदा सदतीस टक्क्यांवर अडकलं होतं. “मागल्या खेपेला चांगली रॅम काढून भंगार घातलंस, पोरी,” निवृत्त सुभेदार नाथाजी म्हणाले. “फौजेत स्टोअर सांभाळलंय. आता कँटीनच्या रांगेत समद्यांना सांगतो.” साताऱ्यातलं तिचं दुकान माजी सैनिकांवरच चालायचं. तिने एक रॅम काढून उजेडात धरली. सोनेरी पट्ट्यांवर लाल पूड चिकटली होती. “आजोबा, ही बाहेर कुणी काढली?” “मीच की. खंडेनवमीला हत्यार सुटं करायचं, पुसायचं, कुंकू लावून परत जोडायचं. बंदूक न्हाई, म्हणून ह्येच पुजलं.” बोलता बोलता त्यांची नजर पट्ट्यांवरच्या कुंकवावर गेली. तिने खोडरबरने पट्ट्या घासल्या, रॅम बसवली, इन्स्टॉलेशन पुन्हा सुरू केलं. दोघंही पडद्याकडे बघत राहिले. सदतीस. सदतीस. अडतीस.