दहापैकी किती

“दोन,” ऑर्डेल म्हणाला.

झटका बसतो तेव्हा दहापैकी किती दुखतं, असं डॉक्टर मँकुसोंनी विचारलं होतं. ऑर्डेलच्या छातीत दोन यंत्रं होती. एक पंप, थकलेल्या हृदयाच्या वतीने रक्त फिरवणारा. दुसरी कातडीखालची डबी, हृदयाचा ताल बिघडला की विजेचा झटका देणारी. ताल बिघडला की बाकीची माणसं आधी बेशुद्ध पडतात, झटका त्यांना सहसा कळतही नाही. ऑर्डेलचा पंप मात्र चालूच राहायचा. तो शुद्धीत असायचा, आणि डबी त्याला मरणोन्मुख समजून झटके देत सुटायची. गोठलेल्या तळ्यावर, मासेमारीच्या खोपट्यात, गेल्या शनिवारी सात बसले. मासाही सुटला.

डॉक्टर म्हणाले, डबीला जरा दमानं घ्यायला लावता येईल. पण मग खरी गरज असतानाही ती उशीर करू शकेल. दुखणं सोसवत नसेल तरच हा धोका पत्करायचा. दोनसाठी नाही.

डॉक्टर न्यूयॉर्कचे. मिनेसोटात येऊन त्यांना चार महिने झाले होते. इथली माणसं आजारी पडत नाहीत, थेट मरतात, असं त्यांचं मत होत चाललं होतं.

ऑर्डेलची बायको आर्लिस म्हणाली, “खरं सांग.”

“शेजारच्या कार्लचा पाय मळणीयंत्रात गेला, तेव्हा तो तीन म्हणाला होता,” ऑर्डेल म्हणाला. “मी त्याच्या वर कसा जाऊ?”

आर्लिसने मग डॉक्टरांनाच सांगितलं. शनिवारपासून हा खुर्चीत बसून झोपतो. सकाळी कोट चढवतो, दारापर्यंत जातो आणि कोट काढून ठेवतो. ऐन जानेवारीत तळ्यावर गेलेला नाही, लग्नाच्या एकेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हे सगळं ती हवामान सांगावं तशा आवाजात बोलली. मग पिशवीतून झाकण लावलेलं भांडं काढून तिने मांडीवर ठेवलं.

“दोघांचं जेवण आणलंय,” ती नवऱ्याला म्हणाली. “मला घाई नाही.”

ऑर्डेलने बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, “चार.”

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. आर्लिसने झाकण उघडलं. बटाट्यांचा वास खोलीभर पसरला.

“सहा,” ऑर्डेल म्हणाला. चर्चमध्ये शिवी तोंडून गेल्यासारखी त्याची मान लाल झाली होती.

संगणकापाशी बसलेल्या नर्स लव्हॉनचं माहेर त्याच तळ्याच्या पलीकडच्या काठावर होतं. ती उठली, खोलीचं दार हळूच लावून घेतलं, परत जागेवर बसली आणि रकान्यात आकडा भरला: दहा.