पाळी

डॉक्टरीणबाईंनी पदर बाजूला करायला सांगितला, तेव्हा आशाबाईने आधी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मग तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला.

डाव्या कानाची पाळी मधोमध फाटून दोन फाकांत लोंबत होती.

"किती वर्षं झाली?"

"चौदा."

"वजनदार डूल घालत होतात?"

सासरच्यांनी गावभर हेच सांगितलं होतं.

"डूल हलकेच होते," आशाबाई म्हणाली. "नवऱ्याचा हात वजनदार होता. त्याले दारूसाठी डूल पायजे होता."

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. कान मात्र त्याने केला तसाच राहिला होता. मोहर्लीच्या रिसॉर्टात ती रोज दीडशे पोळ्या लाटते. भर उन्हाळ्यात घामाच्या धारा लागल्या तरी तिचा पदर कधी कानावरून सरकला नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिला तो सरकवायचा होता. वैशाखाच्या शेवटी लग्न होतं, आणि त्या दिवशी चार माणसांत उघड्या कानांनी उभं राहायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"अर्ध्या तासाचं काम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कान बधिर करून शिवते. टाके आठवड्याने काढू. नवं भोक मात्र तीन महिन्यांनी, जुन्या जागेच्या बाजूला."

आशाबाईने बोटांवर मोजलं. पौष, माघ, फाल्गुन. चैत्र हाताशी उरत होता.

टाके घालून ती बाहेर आली, तेव्हा बाकावर लटारू बसला होता. ताडोब्यात त्याची स्वतःची जिप्सी चालते. बायको जाऊन सहा वर्षं झाली; मुलगा प्रवीण घुग्घुसला सिमेंट कारखान्यात आहे. अख्खी मोहर्ली त्याला लटारूभाऊ म्हणते. आशाबाई त्याला हाकच मारत नाही. काम असलं की समोर जाऊन उभी राहते. आताही तशीच उभी राहिली.

"दुखलं का?"

"नाई. लाज वाटून राह्यली. या वयात हे नखरे."

"मी जिप्सीले दरसाली रंग मारतो," लटारू चावी शोधत म्हणाला. "तिले कोनी नाई म्हनत नखरे."

आशाबाईला हसू आलं आणि कानाचे टाके ताणले गेले.

घरी पोचते न पोचते तोच शेजारून मोठी जाऊ देवकाबाई हजर झाली. तिच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही, पण पदराखालची पट्टी सुटली.

"चंद्रपूरले काऊन गेलती वं?"

"पाळीचं होतं, बाई."

"होतेच या वयात. बंद होतेवेळी लय तरास देते."

"माह्यी तं आत्ता चालू होऊन राह्यली," आशाबाई म्हणाली.

देवकाबाईला ते काही कळलं नाही, आणि तिला घाईही दुसऱ्याच गोष्टीची होती.

"लटारूच्या घरी सोयरीक जुळली म्हने?"

"जुळली."

"पोरगा चांगला हाये त्याचा."

"चांगलाच हाये पोरगा."

"पुनमनं नशीब काढलं. पोरगी खाकी घालून पाहुण्याइले वाघ दाखवत फिरते, तिले कोन करन म्हनत होतो आमी."

"पुनम लय खूश हाये," आशाबाई म्हणाली. ते खरंच होतं. गेले दोन महिने पुनमचे पाय जमिनीवर नव्हते. आईला डॉक्टरकडे जायला तिनेच भरीस घातलं होतं.

देवकाबाई जवळ सरकली. "पन एक सांगते, राग नको मानू. विधवा बाईनं पुढं पुढं करू नाई. मांडवात तू मांघं बस. कन्यादानाले पाटावर आमी बसतो जोडीनं."

आशाबाईने मान वर केली. "तुमीच बसा, बाई. दीर मोठे हायेत, त्याइचाच मान हाये. पन मंग मांघं नका सरू."

"शब्द दिला!" देवकाबाई म्हणाली आणि मोठ्या मनाने निघून गेली.

चैत्रात सोनाराने नवं भोक पाडून बारीक तार घातली. वैशाख लागला तशी पुनमने स्वतःच्या कमाईचे डूल आणले, आईच्या कानांत घातले आणि आरसा धरला.

"माय, पदर."

आशाबाईने पदर खांद्यावर घेतला. आरशातल्या बाईचे केस पिकले होते, डोळ्यांखाली काळं होतं, आणि ती देखणी होती. चौदा वर्षांनी आशाबाईला स्वतःचं तोंड आवडलं. ती रडली नाही. पत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून भर दुपारी, उघड्या डोक्याने, डूल हलवत ती बाहेर पडली. चहाच्या टपरीवरची माणसं माना वळवून पाहू लागली. आशाबाई त्यांच्याकडे पाहून हसली.

पहिली पत्रिका देवकाबाईची.

"अगं माय! कान!"

"पाळी शिवली. सांगतलं होतं ना तुमाले."

"पोरीच्या लग्नात मायनं एवढं नटाव?"

"कन्यादानाचं ध्यानात हाये ना, बाई?"

"शब्द म्हंजे शब्द! तुह्या दिराइनं नवं धोतर बी घेतलं."

पत्रिकेवर हळद-कुंकू वाहून आशाबाई समोर उभी राहिली. देवकाबाईने चष्मा चढवला. वरचा गणपती, कुलदैवत, मुहूर्त सगळं सोडून ती थेट तळाशी गेली. तिथे घरातल्या पोरासोरांची लाडाची ओळ असते, आणि तिला आपल्या नातवाचं, पियुषचं, नाव पाहायचं होतं. ते नव्हतं. तिथे दोनच नावं होती:

‘आमच्या आई-बाबांच्या लग्नाला यायचं हं! — पुनम, प्रवीण’